पहिल्यांदा ८, दुसऱ्यांदा ३: वहीत कोणता आकडा लिहू?

वाघोटन_काठची · सोमवार, रात्री ८:५०

नमस्कार. मी अकरावी सायन्सला आहे. घर वाघोटन खाडीच्या काठावर, अंगणातून विजयदुर्गाचा बुरूज दिसतो. गेल्या पावसात उधाणाला खारबंधाऱ्याचं झडप नीट बसलं नाही आणि खाडीचं पाणी आमच्या खालच्या दोन कुणग्यांत शिरलं. एकात घरचं तांबडं भात होतं, वालय. दुसऱ्यात दुकानातून आणलेलं बियाणं. वालय बऱ्यापैकी तगलं, दुसरं पिवळं पडून गेलं. आजी म्हणते, आपलं भात खारं सोसतं. बाबा म्हणतात, तो कुणगा चार बोटं उंच आहे, पाणी लवकर उतरलं, एवढंच. दोघांचं अजून एकमत झालेलं नाही, म्हणून विज्ञान प्रदर्शनासाठी मी हाच विषय घेतला.

पहिल्यांदा मेअखेरीस केलं, पाऊस यायच्या आधी. एक पेला खाडीचं पाणी आणि दोन पेले विहिरीचं, असं मिसळून. प्रत्येक वाटीत १० दाणे. विहिरीच्या साध्या पाण्यात वालय ९ रुजलं, दुकानातलंही ९. खाऱ्या पाण्यात वालय ८ आणि दुकानातलं ५. मला वाटलं, झालं, आजी जिंकली. मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात खात्रीसाठी परत केलं. या वेळी साध्या पाण्याच्या वाट्या ठेवल्या नाहीत, कारण त्यात रुजतं हे आधीच कळलं होतं. खाऱ्या पाण्यात वालय ३, दुकानातलं ६.

शाळेतले एक जण म्हणाले, पहिला आकडा लिही, निष्कर्ष स्वच्छ येतो. मैत्रीण म्हणते, सरासरी काढ. सरासरी काढली तर दोन्हीकडे साडेपाच येतात! मला खोटं लिहायचं नाही, पण दोन्ही लिहिले तर परीक्षक म्हणतील, हिला प्रयोगच जमला नाही. प्रदर्शन गणपतीनंतर आहे. काय करू?

रापणकर · सोमवार, रात्री ९:३५

गो बाय, पाणी खंयसून घेतलंस, कधी घेतलंस ता आधी सांग. भरतीला की ओहोटीला?

मेमधलं खाडीचं पाणी म्हणजे जवळपास समुद्रच. जुलैत वरून नदीचा लोंढा येतो, तेव्हा त्याच जागी पाणी अर्धंगोडं होतं. त्यातून गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं आणि खारं खाली राहतं. धक्क्यावरून कळशी बुडवलीस तर वरचंच आलं असणार. ओहोटीला घेतलंस तर आणखी गोडं. भरती कधी ते काढायला आम्ही तिथीची पाऊणपट करतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आगेमागे. ढोबळ हिशोब आहे, पण कळशी घेऊन जायला पुरतो.

तुझ्या आकड्यांत मला एक गोष्ट खटकते. दुसऱ्यांदा पाणी कमी खारं असेल तर भात जास्त रुजायला हवं होतं. दुकानातलं थोडं वाढलं, घरचं मात्र पडलं. म्हणजे तिथे मिठाशिवाय दुसरंच काहीतरी झालंय.

निवृत्त_बाई_देवगड · सोमवार, रात्री ११:१०

पोरी, आधी एक सांगते. कोणताही आकडा खोडू नकोस. दोन्ही लिही, तारखेसकट.

मी ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. नववीच्या मुलांना पाण्याचा उत्कलनबिंदू काढायला लावला होता. सगळ्यांचे ९९, १००, एका मुलाचा ९७. मी त्याला म्हटलं, ‘समुद्रकाठी पाणी शंभरालाच उकळतं, नीट बघ.’ त्याने परत बघितलं, परत ९७. मी सांगितलं, खोड आणि १०० लिही. त्याने खोडलं. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. संध्याकाळी मन लागेना, म्हणून मासळी बाजारातून बर्फाचा तुकडा आणला, मीठ लागलेलं असेल म्हणून धुऊन घेतला, ठेचला आणि त्याचा तापमापक त्यात धरला. पारा उणे ३ वर थांबला. बाकीचे तापमापक शून्यावर. मुलाने अगदी बरोबर वाचलं होतं, तापमापकाची पट्टी तीन अंशांनी सरकलेली होती. त्याचं मी ऐकलं असतं तर तो तापमापक त्याच दिवशी बाजूला निघाला असता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली आणि ९७ परत लिहून घेतला.

तुझा ३ हा तसाच आकडा आहे. तो का आला ते शोधायचं.

मला दिसतंय ते असं. पहिलं, साध्या पाण्याच्या वाट्या. त्या ‘रुजतं की नाही’ बघायला नसतात, त्या दिवशीचं, त्या जागेचं, त्या मूठभर बियाण्याचं माप म्हणून असतात. जुलैत वालय साध्या पाण्यातही ३ च रुजलं असतं तर? पेरणीला कणगी उघडली, दमट हवा लागली, बी बुरशीलं, असं झालं असेल. वाट्या नाहीत, त्यामुळे आता ते कधीच कळणार नाही. म्हणून दर खेपेला त्या हव्यातच.

दुसरं, दहा दाणे फार थोडे. एक नाणं घे, दहा वेळा उडव, छापे मोज. असं वीस वेळा कर. बरोबर पाच छापे साधारण चारातून एकदाच येतील. तीन आणि सातही पुष्कळदा येतील, आणि नाण्यात काही खोट नसेल. ८ विरुद्ध ५ हा फरक त्या खेळात सहज बसतो. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत एका नमुन्याचे ४०० दाणे लावतात, शंभराचे चार गट करून. तू निदान प्रत्येक प्रकाराला १०० लाव.

तिसरं, ‘रुजलं’ म्हणजे काय ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस. भात पाण्यात पूर्ण बुडालेलं असलं की आधी पांढरा कोंब वर धावतो आणि मूळ मागे राहतं. ओल्या कागदावर, हवा मिळत असेल तर मूळ नीट येतं. म्हणजे कोंब मोजणारा आणि मूळ मोजणारा एकाच वाटीचे दोन आकडे सांगतील आणि दोघंही खरं बोलत असतील. दोन्ही वेळा मोजलं कोणी? वाटीत पाणी किती होतं? सांग. मग पुढचं लिहिते.

वाघोटन_काठची · मंगळवार, सायंकाळी ६:१५

बाई, तुमचं वाचून वही काढली. वहीत फक्त आकडे आहेत, पाण्याचं काहीच लिहिलेलं नाही. आठवतं ते सांगते.

पहिल्यांदा मी मोजलं, काहीही पांढरं दिसलं की रुजलं. दुसऱ्यांदा माझी चाचणी परीक्षा होती म्हणून धाकट्या भावाने मोजलं. त्याला आत्ता विचारलं तर म्हणाला, ‘मूळ आलेलेच धरले, बाकीच्यांना नुसती शेपटी होती.’ आणि पाणी आटू नये म्हणून त्याने वाट्या काठोकाठ भरल्या होत्या, खाऱ्या पाण्यानेच. मेमध्ये मी कापसावर ठेवले होते. बाई, तुम्ही म्हणालात तसंच झालंय!

रापणकर काका, पहिलं पाणी भरतीला घेतलं होतं, दुसरं शाळेतून येताना, चिखल उघडा पडला होता तेव्हा.

दुकानातल्या बियाण्याला गुलाबी रंग आहे, हेही आजच लक्षात आलं.

दापोली_कृषी_तिसरं_वर्ष · मंगळवार, रात्री ८:०५

गुलाबी रंग म्हणजे बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं आहे. हात धू, आणि ते दाणे घरातल्या कोंबड्यांपुढे टाकू नकोस. म्हणजे दमट जुलैत दुकानातल्या बियाण्याला बुरशीपासून संरक्षण होतं आणि वालयला नव्हतं. तू वालय विरुद्ध दुसरा वाण अशी तुलना करत नव्हतीस. कणगीतलं उघडं बी विरुद्ध औषध लावलेलं पिशवीतलं बी, अशी करत होतीस. औषध न लावलेलं बियाणं मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच साध्या पाण्याशी कर. समजा एक साध्या पाण्यात ९० रुजलं आणि खाऱ्यात ६०, दुसरं साध्यात ६० आणि खाऱ्यात ४०. दोघांचीही घट एक तृतीयांशच. नुसते ६० आणि ४० बघितलेस तर फसशील.

आणखी एक. भाताचं बी रुजताना मीठ बऱ्यापैकी सोसतं. खरा फटका बसतो कोवळ्या रोपाला आणि पुढे फुलोऱ्यात. तुमच्या कुणग्यात भात पिवळं पडलं ते रोपं असताना. म्हणून नुसतं रुजणं मोजून आजी आणि बाबांचा वाद मिटणार नाही. चौदाव्या दिवशी रोपांची उंचीही पट्टीने मोज. आमच्या विद्यापीठाचे पनवेल १, २, ३ हे भाताचे वाण खाऱ्या जमिनीसाठीच काढलेले आहेत. त्यातलं थोडं बी मिळालं तर तिसरा गट म्हणून लाव, खारं सोसणारं भात कसं दिसतं ते शेजारीच कळेल.

डबे कुठे ठेवायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरव. सगळे वालय खिडकीशी आणि सगळं दुसरं चुलीकडे, असं आपल्याही नकळत होतं.

निवृत्त_बाई_देवगड · मंगळवार, रात्री १०:३०

छान धरलंस, दापोलीकरा. औषधाचं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

आता पोरी, पाणी. खाडीचं पाणी सोडून दे, दर वेळी वेगळं येणार. मीठ विरघळवून स्वतः बनव. पण या दिवसांत मीठ बरणीतच पाझरतं. हवेत पाऊणशे टक्क्यांवर दमटपणा गेला की मीठ पाणी ओढतं, आणि आपल्याकडे आषाढात तो त्याच्या खाली क्वचितच येतो. ओलं मीठ तोललंस तर पाणीच तोललंस. कढईत मंद आचेवर परत, दाणे सुटे होऊन सळसळले की कोरड्या स्टीलच्या डब्यात झाकण घट्ट लावून गार कर आणि डबा उघडल्याबरोबर तोल.

तुमच्या घरचा वजनकाटा एक ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल. त्यावर ६ ग्रॅम तोलायला जाऊ नकोस, एका ग्रॅमची चूक म्हणजे सहावा हिस्सा गेला. ४० ग्रॅम तोल, थोड्या पाण्यात विरघळव आणि मग पाणी घालून एकूण १ लिटर कर. आता तीच एक ग्रॅमची चूक चाळिसावा हिस्सा झाली. या घट्ट पाण्यातलं १५० मिली घेऊन १ लिटर केलंस की लिटरला ६ ग्रॅम, ३०० मिली घेऊन १ लिटर केलंस की १२ ग्रॅम. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे १२ हे मेमधल्या तुझ्या मिश्रणाच्या जवळपास जातं. सगळं मोजायला शाळेतलं १०० मिलीचं एकच मोजपात्र वापर, डोळे पाण्याच्या पातळीला आणून, खालच्या वळणाशी वाच.

साधं पाणी, ६ आणि १२. दोन बियाणी. प्रत्येकाचे चार डबे, डब्यात २५ दाणे. २४ डबे, ६०० दाणे. मिठाईवाल्याकडचे झाकणाचे पाव किलोचे डबे चालतील, पण सगळे एकाच मापाचे. तळाला दोन घड्या गाळणकागद, त्यावर १० मिली पाणी. दाणे ओले राहावेत, बुडू नयेत. झाकण किंचित उघडं.

आता भावाने केलेली चूक, जी मोठी माणसंही करतात. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. वरून परत खारं पाणी घातलं की दर दिवशी डबा आणखी खारट होतो. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक डबा झाकणासकट तोलून वजन तळाला लिही. रोज संध्याकाळी तोल आणि जेवढे ग्रॅम कमी भरतील तेवढं साधं पाणी घाल. मिठाच्या डब्यातही साधंच. एक ग्रॅम म्हणजे एक मिली, हिशोब सोपा आहे.

डब्यांवर फक्त १ ते २४ आकडे. कोणत्या आकड्यात काय आहे ती यादी भावाने लिहायची, पाकिटात बंद करून शेजाऱ्यांकडे ठेवायला द्यायची. आजीकडे नको. आजीला वालय जिंकायला हवंय, तुलाही मनातून हवंय, आणि अर्धवट फुटलेल्या दाण्याकडे बघताना ते मन आकड्यात उतरतं. तुझ्या प्रामाणिकपणावर शंका नाही, मीही यादी बघून मोजणार नाही.

दाणे टाकायच्या आधी वहीच्या पहिल्या पानावर लिही: मूळ किमान २ मिलिमीटर असेल तरच रुजलं, मोजणी पाचव्या आणि चौदाव्या दिवशी, सकाळी, घट साध्या पाण्याच्या तुलनेत काढणार. खाली तारीख आणि सही. नंतर मन बदललं तर खोडू नकोस, खाली नव्या तारखेने कारण लिही.

आणि आधी तीन डब्यांची रंगीत तालीम कर. अंगणातून किल्ला दिसतो म्हणालीस म्हणून सांगते. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर विजयदुर्गला उतरले होते. सूर्य पूर्ण झाकलेला राहणार जेमतेम दोन मिनिटं. त्यासाठी मेल्पोमिनी या आरमारी जहाजावरचे खलाशी मदतीला घेतले होते, आणि कोणी कोणत्या यंत्रापाशी उभं राहायचं, काय करायचं, याच्या तालमी आधीच करून घेतल्या होत्या. तुझ्या हातात चौदा दिवस आहेत, पण पाचव्या दिवसाची सकाळ एकदाच येते.

तारखेचंही महत्त्व तिथेच दिसतं. आपल्याकडे पुष्कळ जण सांगतात की लॉकियरनी १८६८ मध्ये विजयदुर्गावरून हेलियम शोधला. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण आपल्या देशातून दिसलं हे खरं, पण ते टिपणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होते. त्यांनी त्याच ऑक्टोबरात, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेचा वर्णपट तिथून बघितला. त्यातल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचं नाव आलं, आणि पृथ्वीवर तो रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींना १८९५ मध्ये सापडला. विजयदुर्गाचा मुक्काम त्यानंतरचा. तीस वर्षांच्या अंतरावरच्या दोन गोष्टी लोकांच्या बोलण्यात एक झाल्या, नोंदी शाबूत होत्या म्हणून सुट्या करता येतात. तुझ्या वहीत मेच्या पाण्याची भरती-ओहोटी नव्हती. दीड महिन्यातच ती तुला आठवून सांगावी लागली.

वाघोटन_काठची · पुढचा शनिवार, दुपारी २:२०

बाई, तालीम केली. बरं झालं. तीन डबे मोजायलाच पाऊण तास गेला, कारण मुळाच्या टोकाला पट्टी लावताना दाणे सरकतात. आता पट्टीऐवजी २ मिमीच्या रेघा आखलेली पारदर्शक पट्टी केली आहे, ती नुसती वर धरते. एका डब्याला मुंग्या लागल्या म्हणून फळीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. बाबांनी कढईत मीठ परतायला मदत केली. परतल्यावर ५० ग्रॅमचं ४७ भरलं.

दापोलीच्या दादा, औषध न लावलेलं बी नाही मिळालं. पनवेल ३ मिळेल असं कृषी सहायक म्हणालेत, पण यंदा वेळेत नाही. वहीत तसं लिहिलंय. चोवीस डबे उद्या लावते. चिठ्ठ्या आजीने काढल्या.

वाघोटन_काठची · त्यापुढचा शुक्रवार, सकाळी ७:४०

आज पाचवा दिवस, मोजणी झाली. पाकीट शेजाऱ्यांकडेच आहे, उघडलेलं नाही. डब्याडब्यांत फरक खूप दिसतोय, तो कशामुळे ते चौदाव्या दिवशीच कळेल. दोन वेळा परत मोजलं, एका डब्यात एकदा १७ आणि एकदा १८ आले, दोन्ही लिहिले.

एक विचारायचं होतं. १४ नंबरच्या डब्यात सात दाण्यांवर काळी बुरशी आली आहे, वास येतो. हा डबा बाद करू का? बाकीचे तेवीस स्वच्छ आहेत.

निवृत्त_बाई_देवगड · शुक्रवार, सकाळी ८:०५

बाद करू नकोस. ते सात दाणे चिमट्याने उचल आणि दाबून बघ. पिठासारखे फुटले तर कुजले. ‘मेलेले ७’ असं १४ च्या रकान्यात लिहून टाकून दे. कडक असतील तर राहू देत. चौदाव्या दिवशी भागाकार १८ ने नाही, २५ नेच करायचा. चिमटा उकळत्या पाण्यात बुडवून मगच पुढच्या डब्याला लाव.

आणि मोबाइलवर त्या डब्याचा फोटो काढून ठेव, आत्ता, दाणे उचलायच्या आधी.